जगाचे अन्न आणि गावाचे पाणी
(इयत्ता ६ वी व ७ वी : भूगोल व गणित यांचा जोडपाठ)



अन्नधान्याची वाढती गरज हा विषय शिकविताना आपण बहुधा लोकसंख्येचे आकडे फळ्यावर लिहितो आणि ‘म्हणून उत्पादन वाढविले पाहिजे’ असे सांगून पाठ संपवितो. हे विधान खरे आहे, परंतु अपुरे आहे. धान्य कशाच्या बळावर वाढवावयाचे आणि ते बळ पुढील पिढीस शिल्लक राहील काय, हा प्रश्न तसाच राहून जातो. अवर्षणग्रस्त भागातील मुलास तर हा प्रश्न घरच्या विहिरीत दर उन्हाळ्यात दिसत असतो. म्हणून प्रस्तुत पाठ पाण्याच्या हिशेबावर उभारला आहे.

१. गरज

नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. २०५० साली ती ९७० कोटींच्या आसपास असेल, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे. मनुष्य नद्या, तलाव व भूगर्भ यांतून जे गोडे पाणी घेतो, त्यांपैकी सुमारे ७० टक्के शेतीस लागते. खाणारी तोंडे वाढतील. पाऊस मात्र त्यांच्या मागणीप्रमाणे वाढणार नाही. येथे थोडे थांबून मुलांना विचार करू द्यावा.

२. देशाचा अनुभव

१९६५ व १९६६ ही दोन्ही वर्षे अवर्षणाची गेली आणि अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर देशास विसंबावे लागले. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत सिद्ध केलेली गव्हाची बुटकी, भरघोस पिकणारी वाणे त्याच सुमारास भारतात रुजू लागली. डॉ. एम. एस. स्वामिनाथन व त्यांचे सहकारी यांनी ती येथील हवामानास अनुरूप करून घेतली. १९५०-५१ साली सुमारे ५ कोटी टन असलेले अन्नधान्याचे उत्पादन २०२२-२३ साली सुमारे ३३ कोटी टनांवर गेले. ह्या कार्याविषयी मुलांच्या मनात आदर उत्पन्न झाला पाहिजे.

त्याचबरोबर त्याची दुसरी बाजूही सांगावी. ह्या वाणांना खत व पाणी नेमाने द्यावे लागते. पंजाबात गव्हाच्या जोडीला भातही मोठ्या प्रमाणावर आला. जमिनीतून सुरक्षितपणे जेवढे पाणी काढता येईल, त्याच्या दीडपटीहून अधिक तेथे उपसले जाते, असे केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मोजणीत आढळले. व्याजावर न भागविता मुद्दल मोडून खावे, तसा हा व्यवहार होय.

३. एका गावाचा ताळेबंद

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळात तेथील अनेक कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली होती. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी श्रमदानाने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली व जपली. ही झाली जमेची बाजू.

गावाने खर्चाची बाजूही तितक्याच कसोशीने सांभाळली. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, उसासारखे अतिपाण्याचे पीक करावयाचे नाही, असे नियम ग्रामसभेने केले. पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढून मगच उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. पाऊस कमी झाल्यास पेराही कमी होतो. नुसते चर खणून ही स्थिती आली नसती. हात आखडता घेतल्याने ती टिकली, हे मुलांना स्पष्ट करावे.

४. फळ्यावरील गणित

१ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १० घनमीटर म्हणजे १०,००० लिटर पाणी मिळते. हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. यावरून ४०० मिलिमीटर पावसाचे हेक्टरी ४० लाख लिटर होतात.

ज्वारीस एका हंगामात साधारणपणे ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते. उसास पूर्ण वाढीस १,५०० ते २,५०० मिलिमीटर लागते. कमीतकमी गरज धरली, तरी ४०० मिलिमीटर पावसाच्या गावात ज्वारीस हेक्टरी ५ लाख लिटरांची तूट येईल. उसाची तूट १ कोटी १० लाख लिटरांची, म्हणजे २२ पट होईल. पडलेला सर्व पाऊस मुळांपर्यंत पोचत नाही, हे ध्यानी घेता खरी तूट याहूनही अधिक. ज्वारी पाण्याची ओढ सोसून थोडेबहुत पदरात टाकते. ऊस मात्र विहिरीकडे किंवा कालव्याकडे हात पसरतो.

५. शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

वर्गात काही मुलांच्या घरी ऊस असेल. त्यांचे वडील दोषी आहेत, असा सूर पाठात कदापि उमटू नये. उसास ठरलेला दर व कारखान्याचे गिऱ्हाईक असते. ज्वारी-बाजरीस हमीभाव जाहीर झाला, तरी तो बाजारात हाती पडेलच असे नाही. डोक्यावर कर्ज असलेला शेतकरी खात्रीच्या पिकाकडे वळतो, यात नवल नाही. हा विचार एकट्या शेतकऱ्यावर न टाकता साऱ्या गावाने, शासनाने व धान्य विकत घेणाऱ्यांनीही करावयाचा आहे. ठिबक सिंचनाने त्याच पिकाचे पाणी वाचते, हेही सांगावे.

६. उपक्रम

शाळेच्या पटांगणात मोकळ्या जागी पर्जन्यमापक ठेवावा. पावसाळ्यात रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद घ्यावी. दरमहा १ तारखेस शिक्षकांनी स्वतः दोरीने जवळच्या विहिरीची पाणीपातळी मोजावी. मुलांना काठावर वाकू देऊ नये. नोंदवही वर्ग बदलला तरी पुढे चालू ठेवावी व वर्षअखेर तिचा गोषवारा ग्रामसभेत मुलांनीच वाचून दाखवावा.

स्वाध्याय

(१) आपल्या गावात गेल्या पावसाळ्यात हेक्टरी किती लिटर पाणी पडले?
(२) पिण्याच्या पाण्याचा वाटा प्रथम का काढावा?
(३) घरी आजोबा-आजींना विचारा : त्यांच्या लहानपणी विहिरीस पाणी किती हातांवर लागे? आज किती हातांवर लागते? दोन्ही उत्तरे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.