विडंबनातील वंदन

आल्फ्रेड हिचकॉक हे रहस्यपटांचे थोर दिग्दर्शक होते. त्यांच्या कलेला वंदन करण्यासाठी मेल ब्रुक्स या अमेरिकन विनोदी दिग्दर्शकाने १९७७ साली ‘हाय अँग्झायटी’ हा चित्रपट काढला. त्याचा नायक मनोविकारतज्ज्ञ आहे. पण त्यालाच उंचीचे भय वाटते! हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटातील नायकाचीही हीच व्यथा होती.

‘द बर्ड्‌स’ (१९६३) या चित्रपटात एका स्त्रीच्या पाठीमागे कावळे एकेक करून जमतात आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राहतो. ब्रुक्स यांच्या चित्रपटात उद्यानात तशीच कबुतरे जमतात. मात्र ती नायकाचा पोशाख तेवढा घाण करतात. ‘सायको’ (१९६०) या चित्रपटात स्नानगृहात सुऱ्याचे वार होतात व रक्त मोरीत वाहून जाते. येथे हॉटेलातील चिडलेला नोकर गुंडाळलेल्या वृत्तपत्राने नायकाला बडवतो आणि मोरीत वाहते ती छपाईची शाई!

ज्याने मूळ चित्रपट पाहिले नाहीत, तोही हे पाहून हसतो; परंतु ज्याने ते पाहिले आहेत, त्याचा आनंद द्विगुणित होतो. चोरी आणि वंदन यांतील भेद येथेच कळतो. चोर मूळ मालकाचे नाव लपवतो. वंदन करणारा ते उघड सांगतो. ब्रुक्स यांनी हा चित्रपट हिचकॉक यांनाच अर्पण केला. मूळ कृतीचा बारकाईने अभ्यास केल्यावाचून तिचे उत्तम विडंबन साधत नाही. थट्टेच्या मुळाशीही आदर असू शकतो, तो असा.