तोफ डागण्याआधी अंदाज लिहून घ्या

प्रश्न : मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. प्रक्षेप्य गतीसाठी संगणकावर सिम्युलेशन दाखवते. मुलं रमतात, पण सर्वोच्च बिंदूवर त्वरण किती, असं विचारलं की 'शून्य' म्हणतात. काय करावं?

उत्तर : मुलं रमतात, कारण त्यांना नेम साधायचा असतो. त्यासाठी विचार करावाच लागत नाही. म्हणून सिम्युलेशनमधली तोफ डागण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज वहीत लिहून घ्या. ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातलं सिम्युलेशन मोफत आहे. त्यात वेग आणि त्वरणाचे बाण दाखवता येतात. चेंडू अगदी वर पोचला की चित्र थांबवा. वेगाचा उभा घटक शून्य झालेला दिसेल, आडवा तसाच असेल. त्वरणाचा बाण मात्र खालीच, तेवढाच लांब. इथे घाई करू नका, मुलांना आपसांत वाद घालू द्या. उभा वेग पुढच्याच क्षणी उलटतो, तो कशामुळे? उत्तर त्यांच्याकडूनच येईल.

मग 30 आणि 60 अंशांचा पल्ला विचारा. तोफ जमिनीलगत ठेवली आणि हवेचा रोध बंद असला, तर तो सारखाच येतो. 15 मीटर प्रति सेकंद वेगाने 45 अंशांत सुमारे 23 मीटर. चंद्राचं गुरुत्वत्वरण 1.62 घेतलं, तर सहापट.

शेवटी हवेचा रोध सुरू करा. आधीच केलात, तर गोंधळ वाढतो. इंटरनेट बेभरवशाचं असेल, तर फाइल आधी उतरवून ठेवा, ती ऑफलाइनही चालते.