चाळीतल्या कांद्याला पावडर नको, वारा द्या

आषाढाची झड लागली की खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूरकडून एकच विचारणा सुरू होते: चाळीतल्या कांद्याला पाणी सुटलंय, कोणती पावडर मारू? कोणतीही मारू नका. सडलेला कांदा पावडरीने बरा होत नाही. बीएचसी या कीडनाशक पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे, तरी कुठली ना कुठली कीडनाशक भुकटी कांद्यावर धुरळली जातेच. तोच कांदा पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पुण्यातल्या घराघरांत जातो आणि जेवताना कच्चा खाल्ला जातो. हा प्रकार तातडीने थांबला पाहिजे.

दुसरी खोड ताडपत्रीची. शिरूर तालुक्यातली एक चाळ आठवते. चारही बाजू ताडपत्रीने आवळून बांधल्या होत्या. ती सोडली तेव्हा आतून वाफ आली. वरचा थर ठणठणीत. पण कोपरापर्यंत हात घातला तर कांदा बोटांत फुटला. सालींवर काजळी धरली होती, तळाच्या बांबूंवरून पाणी ठिबकत होते. पावसाचा थेंबही आत गेला नव्हता. साठवलेला कांदा जिवंत असतो. तो ऊब आणि ओल बाहेर टाकतो. तीच ओल कोंडून राहिली आणि माल गेला.

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने नैसर्गिक वायुविजनाच्या सुधारित चाळी याचसाठी सुचवल्या. कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. त्यापुढे सड वाढते. साध्या वखारीत चार-पाच महिन्यांत घट, सड आणि कोंब मिळून ३० ते ४० टक्के माल जाऊ शकतो. त्याच्याबरोबर विहिरीचे पाणी, खत आणि मजुरीही उकिरड्यावर जाते. विकिरणाने कोंब रोखता येतो, पण लागलेली सड त्याने थांबत नाही.

म्हणून आता एवढे करा. ताडपत्री फक्त पावसाच्या झोताच्या बाजूला, तीही सर सुरू असेपर्यंतच. उघडीप मिळाली की लगेच वर करा. चाळीखाली ठेवलेली पोती, पाइप, सरपण आजच हलवा. तळातून वारा खेळला पाहिजे. थर पाच फुटांपेक्षा उंच असेल तर कमी करा. कोरड्या दिवशी निवडणी करा: सडका, काजळी धरलेला, कोंब आलेला, जोड आणि डेंगळा बाजूला काढा. सडका माल बांधावर किंवा ओढ्यात फेकू नका. कांद्याच्या रानापासून दूर खड्ड्यात पुरा.

पुढच्या रब्बीसाठी भीमा शक्ती, भीमा किरण किंवा एन-२-४-१ असे टिकाऊ वाण घ्या. मात्र लावणीनंतर दोन महिने उलटल्यावरही युरिया टाकत राहिलात, तर कोणतेच वाण टिकणार नाही. मान जाड राहते आणि सड तिथूनच आत शिरते.

भाव वाढेल या आशेवर मऊ पडू लागलेला कांदा धरून ठेवू नका. तो चांगल्या मालालाही घेऊन जातो. टिकणार नाही असे दिसले की निवडून, खाण्याजोगा आहे तोवर आजच्या भावाने विका. उरलेला खणखणीत माल दिवाळीपर्यंत सांभाळा.