कवळी, चव आणि आपले जेवण

मी बालरोगतज्ज्ञ, माझा नित्याचा संबंध दात येणाऱ्यांशी. परंतु बाळांना घेऊन आजी-आजोबाही येतात आणि नातवाचे तपासून झाले की हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, कवळी बसवल्यापासून अन्नाला चवच राहिली नाही, असे का?" घरची मंडळी याला म्हातारपणाचा हट्ट समजतात. तो हट्ट नव्हे. त्यामागे शरीरशास्त्र आहे.

रुचिकलिका मुख्यतः जिभेवर आणि काही टाळूच्या मागील मऊ भागावर असतात. वरची कवळी झाकते तो प्रामुख्याने टाळूचा पुढील कठीण भाग. मग चव जाते कुठे? आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा हिस्सा गंधाचा असतो. घास चावला जाताना त्यातील गंध घशामागून नाकात पोहोचतो. चर्वण अपुरे झाले की तो कमी सुटतो. दातांच्या मुळांभोवतीचे तंतू घासाचा कडकपणा मेंदूला कळवतात. दातांबरोबर तेही जातात. झाकलेल्या टाळूला पदार्थाचा पोत आणि ऊन-गारपणा नीट जाणवत नाही. अनेक औषधांनी लाळ कमी होते, ती भर वेगळीच.

परिणामी आवड बदलते. पोह्यांवरची शेव, थंडीतले गराडू, पेरू, काकडी, भाकरी मागे पडतात. शिरा, जिलबी, चहात बुडवलेली बिस्किटे पुढे येतात. फिकेपणा घालवण्यासाठी मीठ, साखर, जिरावण वाढते. मधुमेह आणि रक्तदाब याच वयात असतात, म्हणून ही बाब गंभीर आहे.

उपाय घरचेच आहेत. बाळासाठी आपण अन्न मऊ करतो, तसेच ज्येष्ठांसाठीही करावे. मात्र मऊ म्हणजे मिळमिळीत नव्हे. काकडी किसावी, पेरू बिया काढून शिजवावा, शेंगदाण्यांचा कूट करावा, भाकरी आमटीत कुस्करावी. आपल्या इंदूरचा भुट्ट्याचा कीस तर कवळीसाठीच जन्मलेला पदार्थ! स्वादासाठी मिठाऐवजी लिंबू, कोथिंबीर, हिंग-जिऱ्याची फोडणी वापरावी. सर्व पदार्थ एकत्र कालवू नयेत. प्रत्येकाची चव वेगळी लागू द्यावी.

नव्या कवळीची सवय होण्यास काही आठवडे लागतात. लहान घास दोन्ही बाजूंनी चावावेत. कवळी रोज घासावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी. हिरड्यांखालचे हाड झिजत असल्याने काही वर्षांनी ती सैल होते. तेव्हा दंतवैद्यांना दाखवावी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम तर त्वरित दाखवावी.

ज्येष्ठांनी ताट बाजूला सारले, तर रागावण्यापूर्वी त्यांच्या तोंडात एकदा डोकावून पाहावे, ही विनंती.