लेंड्या मोजणारं घर

संक्रांतीच्या सकाळी मी झाडू घेऊन गॅलरीत गेले, तर झाडायला काही नव्हतंच. एरवी आमच्या सशाच्या, बत्ताशाच्या पिंजऱ्याभोवती मुगाहून मोठ्या आणि वाटाण्याहून लहान अशा लेंड्यांचा सडा पडलेला असतो. त्या दिवशी फरशी लखलखीत. खरं सांगते, मला बरंच वाटलं. सणाचा दिवस, लाडू वळायचे होते, तेवढंच एक काम वाचलं. बत्तासा कोपऱ्यात पाठ फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. गारठला असेल म्हणून मी त्याच्या अंगावर जुनी शाल टाकली आणि पाक बघायला आत गेले.

ससा पाळणारं कुणी हे वाचत असेल, तर त्याच्या पोटात इथंच गोळा आला असेल. माझ्या पोटात तो यायला दुपारचे दोन वाजले.

आमचं घर नाशिकचं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती घसरला हे रोज पेपरात येतं आणि आम्ही ते वाचून आणखी एक स्वेटर चढवतो. थंडी वाढली की आमच्याकडे घराचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, खाण्यावर. बाजारात लाल गाजरं, ओला वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे, पावट्याच्या शेंगा. भोगीला या सगळ्याची तीळ घालून मिसळीची भाजी, बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ हे आमच्या सासूबाईंचं त्या दिवसाचं पालुपद. त्या वर्षी ते त्यांनी बत्ताशालाही लागू केलं. त्याच्या वाटीत गाजराचे तुकडे, मूठभर ओले हरभरे, भाकरीचा कोर. लेकीनं चोरून दिलेला हलवा वेगळाच. मी पाहिलं आणि हसले. बत्ताशानं सगळं चाटूनपुसून संपवलं, मग गवताकडे ढुंकूनही बघितलं नाही.

गवत म्हणजे तरी काय, तळाशी अंथरलेला थोडा पेंढा. ते अंथरूण आहे, जेवण नाही, अशीच माझी समजूत होती. जेवण म्हणजे गाजर. अंकलिपीतल्या सशाच्या हातात गाजर, सशाच्या बाहुलीच्या हातात गाजर. १९४० साली पडद्यावर आलेल्या बग्ज बनीनं गाजर चघळत बोलायला सुरुवात केली आणि जगभरच्या मुलांना सशाचा आहार शिकवून टाकला. तो कार्टूनचा ससा होता, एवढं ध्यानात ठेवायला हवं होतं.

खरा ससा गवतावर जगतो. त्याच्या पोटाची रचना गायीपेक्षा घोड्याच्या जवळची. पचनाचं मोठं काम आतड्याच्या मागच्या भागात, अंधांत्र नावाच्या पिशवीत, सूक्ष्म जिवाणू करतात. हे कारखान्यासारखं चोवीस तास चालू राहावं लागतं आणि त्याला पुढे ढकलतो तो गवतातला लांब, राठ चोथा. चोथा कमी आणि साखर-पिष्ट जास्त झालं की भलते जिवाणू माजतात, वायू धरतो, आतडं मंदावतं. पोट दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं. सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच जायला हवं, दुसरी वाट नाही. गाजर गोड, हरभरा-वाटाणा पिष्टाचा आणि वायूचा, बाजरी तर धान्यच. आमची भोगी त्याच्या पोटात अशी गेली होती.

त्यात हा प्राणी दुखणं लपवतो. जंगलात जो कण्हतो तो आधी उचलला जातो, त्यामुळे ससा शेवटपर्यंत ‘मला काही झालेलं नाही’ असाच बसतो. म्हणून त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या लेंड्यांकडे बघायचं असतं. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. गोल, कोरड्या, चुरगळल्या तर आत गवताचे तुसे दिसणाऱ्या. त्या बारीक झाल्या, एकमेकींना केसांनी ओवल्यासारख्या आल्या, की पोटाची तक्रार सुरू झाली समजायचं. पहाटे कधी द्राक्षाच्या घोसासारखा मऊ, चकचकीत पुंजका दिसला तर मात्र घाबरू नका. ती अंधांत्रातून आलेली दुसऱ्या जातीची विष्ठा असते आणि ससा ती थेट तोंडानं उचलून खातो. सासूबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाला पदर लावला होता. पण तीच त्याची जीवनसत्त्वं. ती रोज पडून राहायला लागली तर खाणं फार गोड, फार भारी होतंय एवढं नक्की.

दुपारी दोनला लेकीनं त्याच्यासमोर कोथिंबीर धरली. कोथिंबिरीसाठी हा पायात पायात येणारा प्राणी. त्यानं तोंड फिरवलं. कानाला हात लावला तर कान गार. दातांचा करकर आवाज येत होता. कुरवाळल्यावर ससे दात हलकेच घासतात, तो सुखाचा आवाज. हा मोठा होता, दुखण्याचा.

पहिल्या दवाखान्यात सांगितलं, थंडी बाधली असेल, ऊब द्या. चिठ्ठीवर पोटात द्यायचं अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. सणामुळे जवळची औषधाची दुकानं बंद होती, म्हणून ते मिळालं नाही. इतक्या वर्षांत बंद दुकानाबद्दल मी देवाचे आभार तेव्हा एकदाच मानलेत. एका ओळखीच्या पक्षीवाल्यानं दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. ते ससे-पक्षी नेहमी बघतात. चिठ्ठी पाहून ते म्हणाले, “ताई, हे दिलंत का?” नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाच्या पोटात गेली तर चांगले जिवाणू मारतात आणि ससा त्यानं दगावू शकतो. कुत्र्याला, मांजराला, आपल्याला चालणारं औषध सशाला चालेलच असं नाही. तेव्हा ससा आणायच्या आधी सशाचा डॉक्टर शोधून ठेवा आणि त्याचा फोन फ्रिजवर चिकटवा. सणाच्या दिवशी कोण सापडेल हेही विचारून ठेवा. सशांची पोटं नेमकी सणालाच बिघडतात आणि त्याला कारण आपणच असतो.

सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश असतं. बत्ताशाचं ३७ च्या खाली गेलं होतं. डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढून आतड्यात काही अडकलेलं नाही ना ते पाहिलं. अडकलेलं असताना आतडं हलवणारं औषध दिलं तर घात होतो. मग ऊब, कातडीखाली सलाइन, दुखणं कमी करणारं इंजेक्शन आणि त्यानंतर आतड्याला चालना देणारं औषध. घरी दर तीन-चार तासांनी भिजवलेल्या गवताच्या गोळ्यांची पेज, सुईशिवायच्या सिरिंजनं, गालाच्या बाजूनं, थेंब थेंब. दोन रात्री मी आणि लेक आलटून पालटून जागलो. सासूबाई देवासमोर बसून होत्या. एकदा उठून आल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा जाऊन बसल्या. तिसऱ्या पहाटे चटईवर एक लेंडी सापडली. वाकडी, बारीक, केसाळ. लेकीनं तिचा फोटो काढला. तो अजून तिच्या मोबाइलमध्ये आहे.

एक गोष्ट घोकून ठेवा. सशानं दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट बघायची नाही.

आता आमच्याकडे ताटाची मांडणी उलटी आहे. मुख्य जेवण वाळलेलं गवत, दिवसरात्र, त्याच्या अंगाएवढा ढीग. विकतचं टिमोथी आणि ओटचं गवत मिळतं, पण महाग. मी एका गोठेवाल्याकडून मारवेल घेते, पावसाळ्यानंतर कापून गंजीला लावलेलं. घेताना मूठभर नाकाशी धरायचं. गोडसर वास आला, थोडी हिरवट झाक असली तर ठीक. कुबट वास, काळे ठिपके, झटकल्यावर उडणारी धूळ असेल तर गोठेवाला कितीही ओळखीचा असो, परत करायचं. दूर्वा म्हणजे हरळी, तीही त्याला फार आवडते, फक्त फवारणी न केलेल्या जागेची हवी. देवळाबाहेर गायीसाठी लसूणघासाच्या पेंढ्या विकायला बसलेल्या बायका दिसल्या की मी आधी कौतुकानं दोन-दोन घ्यायची. वाढत्या पिल्लाला तो चालतो, पण मोठ्या सशाला रोज नको. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं आणि मूत्राशयात खडूसारखा गाळ साचू शकतो.

गवतानंतर पालेभाजी: कोथिंबीर, मेथी, गाजराचा पाला, मुळ्याचा पाला थोडा. पालक क्वचित. गाजर स्वतः अंगठ्याच्या पेराएवढं, आठवड्यातून दोनदा. कोबी-फ्लॉवर काहींना सोसतो, आमच्या बत्ताशाला नाही. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, पहाटे शेतात फिरलं की ती कपड्यांना लागते. मी तो त्याच्या ताटातून काढूनच टाकला. कांद्याची पात, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, चॉकलेट यांना त्याच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही. आणि नवी भाजी एका वेळी एकच, चिमूटभर. दुसऱ्या दिवशीच्या लेंड्या बघून पुढचं ठरवायचं.

गवताचा आणखी एक उपयोग दातांना. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. ते झिजवण्याचं काम चघळणं करतं, आणि गाजर चघळावं लागत नाही, दोन घासांत संपतं.

थंडीत तो पाणी कमी पितो हेही मला उशिरा कळलं. उलट्या बाटलीच्या नळीतून थेंब चाटायला लावण्यापेक्षा जड मातीच्या भांड्यात कोमट पाणी ठेवलं तर तो किती पितो ते बघा. पाणी कमी म्हणजे आतला चोथा कोरडा, म्हणजे पुन्हा तीच वाट.

थंडीची भीती मात्र आपण उगाच बाळगतो. घरात पाळतो तो ससा मुळात युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा. शेताच्या बांधावरून उड्या मारत जाणारा आपला रानससा वेगळा, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. तो उचलून घरी आणणं गुन्हा आहे. पाळीव सशाला दहा-वीस अंशांत मजेत राहता येतं. त्याला त्रास आपल्या उन्हाळ्याचा. हिवाळ्यात बाधतो तो ओलावा आणि थेट अंगावर येणारा वारा. मी त्या वर्षी प्रेमानं पिंजऱ्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं होतं. आत मुताचा वास कोंडला, डोळे चुरचुरावेत इतका, आणि तोच त्याच्या नाकाशी. आता वाऱ्याच्या बाजूला गोणपाट, बाकी मोकळं, आत एक उलटं खोकं आणि भरपूर कोरडा पेंढा. जाळीच्या तळावर पुठ्ठा, नाहीतर तळपायांना जखमा होतात. हीटर नको, वायर दिसली की तो कुरतडणारच. लोकरी गोधडीचे धागे गिळतो, म्हणून तीही नको. आणि दिवाळीला मुलं उटणं लावून त्याला न्हाऊ घालायला निघाली तर हात धरा. त्याची दाट लव तासन् तास वाळत नाही आणि भीतीनंच तो अर्धमेला होतो.

राहिली करमणूक. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद आणि ससा पिंजऱ्यात, मग पहाटे चारला मागचा पाय आपटून तो सगळी इमारत उठवतो. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात, आपली झोप त्यांना ठाऊक नसते. आम्ही संध्याकाळी दोन तास त्याला घरभर सोडतो. खेळण्यांवर पैसे घालू नका. टिश्यूच्या पुठ्ठ्याच्या नळीत गवत ठासा, पाला वाटीत न देता खोलीत पाच ठिकाणी लपवा, पेरूची डहाळी द्या, दोन खोकी जोडून बोगदा करा. त्याच्यासाठी जेवण शोधणं हाच खेळ. मजेत आला की तो धावता धावता हवेत उडी घेऊन अंगाला पीळ देतो. ते पाहिलं की मालिका बंद करावीशी वाटते. सासूबाईंचं बांबूचं सूप त्यानं एका रात्रीत कडेनं कातरलं, ते आता त्याच्याच नावावर आहे. पतंगांच्या दिवसांत गॅलरी मात्र आधी स्वतः तपासते. तुटलेल्या मांजाचा एक धागा पुरेसा असतो.

जोडीदार द्यावा का, असं लोक विचारतात. द्यावा, पण दोघांची शस्त्रक्रिया झाल्यावर. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं दुकानदार म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. महिन्याभरात पिल्लं होतात.

यंदाही भोगी झाली. भाजीसाठी गाजरं निवडताना सासूबाईंनी पाला तोडून वेगळा ठेवला, गाजरं लेकीच्या हाताला लागणार नाहीत अशी वरच्या फळीवर चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीळ भाजत होते, तेवढ्यात गॅलरीतून त्यांचा आवाज आला.

“अगं ए, झाडू घेऊन ये. पायसुद्धा ठेवायला जागा नाहीये इथं!”