तरतरी आणि ताकद

मुलांनो, ओमान देशात मस्कतच्या दक्षिणेला इब्रा नावाचे जुने गाव आहे. गावाभोवती खजुराच्या बागा आहेत. दर बुधवारी तेथे बायकांचा बाजार भरतो. पाहुणा आला, की त्याला खजूर आणि बिनसाखरेची कॉफी देतात. कॉफीची पेली एवढीशीच, दोन घोटांची!

आता दुकानांत थंडगार डबेही मिळतात. त्यांतील पेयाला 'एनर्जी ड्रिंक' म्हणजे शक्तिपेय म्हणतात. ओमान सरकारने १५ जून २०१९ पासून या पेयांवर किमतीइतकाच कर बसवला. म्हणजे शंभराची वस्तू दोनशेला! लोकांनी ती कमी प्यावी, हा त्यामागचा हेतू.

असे काय असते या पेयात? पाणी, पुष्कळ साखर आणि कॅफिन. कॅफिन चहा-कॉफीतही असते. ते झोप घालवते आणि थकवा जाणवू देत नाही. पिणाऱ्याला वाटते, अंगात ताकद आली. पण ती नुसती तरतरी, बरे का! दमलेल्या बैलाला चाबूक मारला, तर तो चार पावले पळेल. त्याचे पोट काही भरणार नाही.

मुलांचे शरीर लहान असते. मोठ्या माणसाला चालते तेवढे कॅफिन मुलांना जास्त होते. छातीत धडधडते, हात थरथरतात, मळमळते. शिवाय ते लवकर उतरत नाही. संध्याकाळी सहाला डबा प्यायला, तर रात्री अकराच्या सुमारासही जवळजवळ निम्मे कॅफिन अंगात असते. मग झोप कोठून येणार? दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या! इब्रात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. आपल्याकडे विदर्भातही तसेच. उन्हात खेळून घाम आला, की शरीर पाणी मागते. त्या वेळी पाणी, ताक किंवा लिंबाचे सरबत द्यावे.

लिथुएनिया या देशाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यास बंदी केली. शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेये विकू देणार नाही, असे महाराष्ट्राच्या विधान परिषदेत जुलै २०२४ मध्ये मंत्र्यांनी सांगितले. भारतात अशा पेयाच्या एका लिटरात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घालता येत नाही. मग पाव लिटरच्या डब्यात जास्तीत जास्त किती, ते तुम्हीच काढा. हे पेय मुलांसाठी नाही, असे डब्यावर छापावेच लागते. पेयाचे नाव पुढे मोठ्या, रंगीत अक्षरांत असते. ही सूचना मात्र बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत सापडते.