गटाची पिकअप : पावसाआधी टायर वाचायला शिका

तायांनो, गाडी गटाची, मग टायर बघायचं काम एकट्या ड्रायव्हरदादांवर का सोडायचं? मालासोबत केबिनमध्ये आपल्यातलीच एखादी ताई बसलेली असते. टायरच्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला टाकतात. टायर गुळगुळीत झाला की ओल्या घाटात ब्रेक दाबला तरी गाडी घसरते.

म्हणून एवढं बघाच :

१. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच फक्त १.६ मिलिमीटर उरली. "अजून महिनाभर चालेल की" म्हणू नका, बदला.

२. नवीन घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नको.

३. साइज कंपनीने सांगितलेलीच घ्या. वजनाचा आकडाही कमी नको. १०४ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ९०० किलो.

४. पक्कं बिल घ्या.

चार टायरचा खर्च एकदम जड जातो. त्यासाठी भाड्याच्या कमाईतून दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवा. येत्या बैठकीला गाडी दारात उभी करा आणि सगळ्याजणी मिळून टायर वाचा.